खोट न काढलेला डबा

(अकोल्याचं जुनं शहर. बद्रुद्दीन यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान. मागच्या पडद्याआड त्यांचं घर. बुधवारची दुपार.)

बद्रुद्दीन : नाही, नाही, त्या स्टुलावर नका बसू. एक पाय आखूड आहे त्याचा. इकडं या, पंख्याखाली. खुर्ची पुसून ठेवली तुमच्यासाठी.

आकांक्षा : चाचा, पाच वर्षं मी याच स्टुलावर बसली. पाय तेव्हाही आखूडच होता.

बद्रुद्दीन : तवाची गोष्ट वेगळी. चहा घेता का सरबत सांगू? गजाला बेटा, आकांक्षाताई आल्या.

आकांक्षा : काही नको. मी माझा डबा न्यायले आली.

बद्रुद्दीन : आज? आज बुधवार आहे. रविवारी येनारच ना तुमी, तवा वाजवू सारे मिळून.

आकांक्षा : रविवारी येणार नाही. म्हणून तर बुधवारी आली.

बद्रुद्दीन : काहून बरं? अमरावतीहून बस नाही का रविवारी?

आकांक्षा : तासातासाले आहे.

बद्रुद्दीन : मंग कोनी काही बोललं. नाव सांगा फक्त. नईम? मोबाइलच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकाशी डोकं लावून त्याची जीभ कातरीवानी झाली आहे. का शेषराव? पन शेषराव कसा बोलन? तुमचं जुनं नाव ज्याच्या तोंडातून निघन त्यानं साऱ्यांले चहा पाजायचा, असा नियम केला आमी. पहिले दोन रविवार त्यानंच पाजला. आता तुमाले हाक मारायच्या आधी बिचारा भिंतीकडं पाह्यते, एकदा मनात म्हनून घेते, मंग तोंड उघडते.

आकांक्षा : कोणी काही बोललं नाही. तेच तर.

बद्रुद्दीन : तेच तर म्हनजे?

आकांक्षा : डबा द्या. सांगते.

बद्रुद्दीन : हा घ्या. फडक्यात बांधून ठेवला, धूळ नाही लागू दिली.

आकांक्षा : बाकीच्यांचे फळीवर उघडे पडले आहेत. माझ्याच डब्याले फडकं काहून?

बद्रुद्दीन : ते धुळीतच वाढले.

आकांक्षा : जोडा जरा विजेचा एलिमिनेटर. नेण्याआधी वाजवून पाहते.

बद्रुद्दीन : वाजवा, वाजवा. वा. काय सूर आहे. लोक मले विचारतात, म्हातारा दर रविवारी गिऱ्हाईक परत पाठवते आन भंगारातले कीबोर्ड, खेळनी, दाराच्या घंट्या उकलून पत्र्याच्या डब्यात काय भरून राहिला? लग्नात ते वाजत नाही, मंदिरात वाजत नाही, उरुसात वाजत नाही. मी म्हनतो, बाबू, शौक आहे. हा सूर ऐकला असता तं कोनी विचारलं नसतं.

आकांक्षा : भुणभुण कुठं गेली?

बद्रुद्दीन : कोनती भुणभुण?

आकांक्षा : रविवारी या डब्यातून मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखी भुणभुण येत होती. सुराच्या खांद्यावर बसली होती.

बद्रुद्दीन : आली असन थोडीशी. माह्या कानाले काही...

आकांक्षा : तुमच्या कानाले? रस्त्यानं जाताना कोणाच्या रेडिओत भुणभुण आहे ते तुम्हाले समजते. एका अनोळखी माणसाच्या घरात घुसून त्याचा रेडिओ उघडून बसले होते तुम्ही. लग्नघर होतं ते.

बद्रुद्दीन : जेवून बी आलो होतो. पन ते जुनं झालं.

आकांक्षा : ती भुणभुण मी मुद्दाम ठेवली होती, चाचा.

बद्रुद्दीन : मुद्दाम?

आकांक्षा : अर्थिंगची तार मीच मोकळी सोडली. सुराचं बटणही मीच उलटं बसवलं. उजवीकडं फिरवलं की सूर खाली, डावीकडं की वर. आता मले सांगा, आपल्या मंडळाचा नियम काय आहे?

बद्रुद्दीन : हात धुवून बसायचं.

आकांक्षा : दुसरा.

बद्रुद्दीन : नवा डबा झाला का साऱ्यांच्या हातून फिरवायचा. ज्यानं त्यानं एक तरी खोट काढायची. खोट काढल्याबिगर झाकनाचे स्क्रू आवळायचे नाहीत.

आकांक्षा : माझा पहिला डबा आठवते?

बद्रुद्दीन : न आठवायले काय झालं. शेषराव म्हने, याच्यातून सूर नाही, पिठाची गिरनी निघून राहिली.

आकांक्षा : नईम म्हणाला, यात बिस्किटंच राहू दिली असती तर कोणाच्या तरी पोटात गेली असती. आणि तुम्ही डबा उलटा करून टेबलावर आपटला.

बद्रुद्दीन : आत स्क्रू सांडला होता ना तुह्या... तुमच्या.

आकांक्षा : चार रविवार लागले तो डबा बंद व्हायले. आणि हा? शेषरावकाकांनी बटण उजवीकडं फिरवलं, सूर गेला पाताळात, आणि म्हणाले, नवीन पद्धत दिसते ताई, छान आहे. नईम म्हणाला, आवाजात गहराई आहे. गहराई, चाचा. तार सुटली होती. आणि तुम्ही माशाअल्ला म्हणून झाकणाचे स्क्रू आवळायले पेचकस हातात घेतला.

बद्रुद्दीन : अल्लाचं नाव घेतलं, त्याच्यात काय वाईट?

गजाला : नाव घेतलं ते ठीक आहे अब्बा. तार सुटलेली ऐकू येत असून घेतलं. हा चहा घे आकांक्षा. सरबत नाही केलं, लिंबं नाहीत घरात.

बद्रुद्दीन : सूनबाई बी तुमच्याच बाजूनं. बरं, ऐका. आमी विचार केला, पोरगी दोन वर्षांनी आली. गावात काय सोसलं, घरात काय सोसलं, अमरावतीत एकटीनं कसं काढलं, आमाले काय ठाऊक? आता आपलं नाव घेऊन आली, आपला पोशाख घालून आली. तिले आल्या आल्या काय म्हनायचं, तुही तार सुटली? मन मोडलं असतं.

आकांक्षा : माझ्यात खोट काढणारे रोज भेटतात, चाचा. बसमध्ये, बँकेत, भाजीच्या गाडीवर. माझ्या चालण्यात काढतात, आवाजात काढतात, ओढणीत काढतात. वायरिंगमध्ये कोणी काढत नाही. तेवढ्यासाठी मी अडीच तास बसमध्ये बसून अकोल्याले येते.

बद्रुद्दीन : चहा घ्या ताई, निवून राहिला.

आकांक्षा : आणि इथं येऊन पाहते तर खुर्ची पुसलेली. कावीळ झालेल्या माणसासारखं वागवता मले. गोड, गोड, सारं गोड. पेचकस द्या इकडं. आता ती भुणभुण गेली कुठं ते पाहू. हं.

बद्रुद्दीन : काय झालं?

आकांक्षा : हा डाग माझा नाही. मी सोल्डरचा डाग देते ज्वारीच्या दाण्याएवढा. हा तर बोराएवढा आहे. खरं सांगा, मी गेल्यावर गुपचूप तार जोडली ना? म्हणजे मले कळूही नये की तुटली होती.

बद्रुद्दीन : खुदाची कसम, मी नाही. जोडनार होतो, खोटं कायले बोलू. सोमवारी उघडला तं जोडलेलीच दिसली. मले वाटलं तुमीच जाता जाता...

गजाला : मी जोडली.

बद्रुद्दीन : तू?

गजाला : रविवारी दिवसभर त्या पडद्यामागं भाकरी थापत भुणभुण ऐकली. तुमी साऱ्यांनी वा वा केलं, ती काही वा वा ऐकून गेली नाही. संध्याकाळी तुमी नमाजले गेले, तं मी आत हात घातला.

बद्रुद्दीन : तुले सोल्डरिंग कोनी शिकवलं?

गजाला : सात वर्षं झाली इथं चहा आनून देऊन राहिली मी. डोळे मिटून देत होती काय?

आकांक्षा : भाभी, डाग ड्राय आहे.

गजाला : म्हनजे?

आकांक्षा : वरून चिकटला, आतून धरला नाही. हे पाहा, तार बोटानं हलवली की भुणभुण परत आली. तू कथिल आधी वितळवलं आणि तारेवर सांडलं.

बद्रुद्दीन : जाऊ द्या ना ताई, तिनं पहिल्यांदाच...

गजाला : थांबा अब्बा. बोलू द्या तिले. मंग काय करायचं होतं?

आकांक्षा : आधी तार तापवायची. तापलेली तार आपल्या मनानं कथिल पिते. तू तिले जबरदस्तीनं पाजलं.

गजाला : बरं. ध्यानात ठेवते. आता माहं बी ऐक. भुणभुण होती ते तू मुद्दाम केलं. बटन उलटं तेबी मुद्दाम. आन सूर थांबत नाही, ते?

आकांक्षा : काय थांबत नाही?

गजाला : बटन सोडलं तरी सूर लोंबकळत राह्यते. पाहुना उठला, चप्पल घातली, आन दारात अर्धा तास बोलत उभा राह्यला, तसं.

आकांक्षा : तो विरत जाते, भाभी. मले तसाच हवा होता.

गजाला : विरते कुठं? दुसरा दाबला तरी पहिला तिथंच. एका सीटवर दोन सवाऱ्या.

आकांक्षा : असं कसं होईल?

गजाला : कसं होईल ते तू सांग. हा दाबला. सोडला. आता हा दाबला. ऐक.

आकांक्षा : परत दाब.

गजाला : हा घे.

आकांक्षा : हं.

गजाला : हं म्हनजे काय?

आकांक्षा : म्हणजे हे मुद्दाम नव्हतं. मले ऐकूच आलं नाही. कंडेन्सर गेला असेल.

बद्रुद्दीन : तेच. तेच मी म्हनलं. नांदगाव खंडेश्वरच्या त्या आर्केस्ट्राच्या कीबोर्डातला ना तो? दोन वर्षं सोयाबीनले शेंगा नाही धरल्या. लोकांनी लग्नं मंदिराच्या ओट्यावर उरकली, वीस मानसं आन पुरनपोळी. आर्केस्ट्रा कोन बोलावते? कीबोर्ड भंगारात आला तवाच कंडेन्सर फुगलेला होता. मी रविवारीच शेषरावले म्हनलं का हा...

आकांक्षा : केव्हा म्हणाले?

बद्रुद्दीन : रविवारी.

आकांक्षा : रविवारी तर माशाअल्ला म्हणाले होते.

बद्रुद्दीन : ते तुमच्यासमोर.

आकांक्षा : आणि मी गेल्यावर?

गजाला : सांगा अब्बा. नाही तं मी सांगते. तुही रिक्षा वळली आन यांनी शटर अर्धं ओढून घेतलं. माह्या हातचा दोनदा चहा झाला.

आकांक्षा : किती निघाल्या?

बद्रुद्दीन : काय किती?

आकांक्षा : चुका.

बद्रुद्दीन : अकरा.

आकांक्षा : अकरा.

बद्रुद्दीन : नईमच्या तीन फालतू होत्या.

आकांक्षा : सांगा. आता, इथं, एकेक.

बद्रुद्दीन : राहू द्या ना. वाईट वाटन.

आकांक्षा : माघारी काढल्या, त्याचं वाटून झालं. आता तोंडावर सांगा.

बद्रुद्दीन : बरं. भुणभुण एक. उलटं बटन दोन. तीन, स्विच असा कोपऱ्यात बसवला का डावखुऱ्यानं काय पायानं दाबायचा? शेषराव डावखुरा आहे, त्याले लागलं ते. चार, आतल्या तारा इतक्या आखूड का झाकन उघडलं का ताण बसते. तार काय सोन्याची आहे? पाच, कंडेन्सर. सहा, स्पीकर झाकनाले चिकटवला. झाकन थरथरते, त्याच्यासंगं सूर थरथरते. हे तू पहिल्या डब्यात बी केलं होतं, तवा बी मी सांगतलं होतं, ऐकलं नाही.

आकांक्षा : झाकणाले लावला तर आवाज मोठा येते.

बद्रुद्दीन : मोठा येते, खरा येत नाही. तू नेहमी मोठ्याच्या मागं. मोठा आवाज डीजेवाल्याच्या टेम्पोत बी आहे, बस जाऊन तिथं. आपुन कान लावून ऐकायले बनवतो का खिडक्या फोडायले?

आकांक्षा : कापसाचा थर दिला होता मी खाली.

बद्रुद्दीन : कापूस दिला म्हने. कापसानं थरथर थांबत असती तं वऱ्हाडात भूकंपच आला नसता.

गजाला : अब्बा, आवाज. शेजारचे दुकानवाले पाहून राहिले.

बद्रुद्दीन : हो. माफ करा.

आकांक्षा : कशाले माफ? चालू द्या. सातवी.

बद्रुद्दीन : सातवी, डब्याले भगरीचा वास येते.

आकांक्षा : तो येणारच. मायचा सोमवारचा डबा आहे तो. तिच्या उपासाची भगर वीस वर्षं त्यात होती.

बद्रुद्दीन : तिनं दिला?

आकांक्षा : दोन वर्षं बोलत नव्हती माझ्याशी. मागच्या महिन्यात दर्यापूरले घरी गेली होती मी, दारातून परत निघाली. तिनं भगर बरणीत ओतली, डबा राखेनं घासला, आणि माझ्या पिशवीत घातला. म्हणाली, तुले पत्र्याचा लागते ना. तेवढंच.

बद्रुद्दीन : मंग सातवी मागं घेतली.

गजाला : नईमची होती ती.

बद्रुद्दीन : म्हनून तं लवकर घेतली. आठ आन नऊ स्क्रूच्या. एक जाड, एक बारीक, जसे सापडले तसे ठोकले. दहावी माही. तू डाग देते आन तो थंड व्हायच्या आधी फुंकर मारते.

आकांक्षा : नाही मारत.

गजाला : मारते. मी पाह्यलं.

आकांक्षा : कधी कधी.

बद्रुद्दीन : डागाले तडा जाते त्यानं. ज्वारीचा दाना दिसते, आत भुसा. नको मारत जाऊ.

आकांक्षा : बरं. अकरावी?

बद्रुद्दीन : दहाच असतीन. मोजन्यात चुकलं.

गजाला : अकरा होत्या.

बद्रुद्दीन : अकरावी डब्याची नव्हती.

आकांक्षा : मग माझी होती?

बद्रुद्दीन : शेषरावनं काढली. झाकन उलटं केलं त्यानं, उजेडात धरलं. म्हने, हिनं आतून नाव नाही कोरलं. आपल्यातला प्रत्येक जन पहिले नाव कोरते, मंग डबा आनते. हिचं झाकन कोरं. मंग तो म्हने, ही राह्यले नाही आली. आपल्याले पाह्यले आली, चार-दोन रविवार. चहा तसाच राह्यला कपात.

गजाला : तो मी परत गरम केला.

आकांक्षा : खिळा हातात घेतला होता मी. हे नाव आतापर्यंत बँकेत लिहिलं, दवाखान्यात लिहिलं, जिथं अर्ज तिथं लिहिलं. पत्र्यावर कोरायले हात गेला आणि वाटलं, आधी कोणी तरी शिव्या घालू दे डब्याले. मग कोरू.

बद्रुद्दीन : तुहे दोन जुने डबे आहेत फळीवर. त्यांच्या आत ते आधीचं नाव आहे. नईम म्हने कानशीनं घासून टाकू, तिले दिसायले नको. मी म्हनलं, तिले विचारल्याबिगर कोनी हात लावायचा नाही.

आकांक्षा : राहू द्या. ते डबेही मीच बनवले.

बद्रुद्दीन : बरं झालं विचारलं.

आकांक्षा : एक सांगू चाचा? साऱ्या मंडळात खरी चूक भाभीनं काढली. तोंडावर काढली. आणि ती पडद्याआड.

बद्रुद्दीन : तिले कोनी अडवलं? तिनं कधी म्हनलंच नाही.

गजाला : तुमी कधी विचारलंच नाही.

बद्रुद्दीन : मंग रविवारी भाकरी आन चहा?

गजाला : भाकरी मी सकाळी करून ठेवीन. चहा शेषरावकाका करतीन. पाजायची सवय झाली आहे त्यायले.

बद्रुद्दीन : साकीबच्या अम्मीले, तुह्या सासूले, काय सांगू?

गजाला : सांगा का तुमच्या सुनेचा डाग कच्चा आहे, पक्का होईपर्यंत बसवा लागते.

आकांक्षा : चाचा, खिळा द्या एक.

बद्रुद्दीन : कायले?

आकांक्षा : नाव कोरते. आहे ना झाकण हातात.

बद्रुद्दीन : ठेव ते झाकन खाली.

आकांक्षा : आता काय झालं?

बद्रुद्दीन : काय झालं म्हनजे? डाग ड्राय, कंडेन्सर फुगलेला, स्पीकर थरथरून राहिला, अन् म्हने नाव कोरते. अशा कामावर नाव नाही कोरू देत मी कोनाले. आधी दुरुस्त कर.

आकांक्षा : एवढं सारं आज कसं होईल? साडेचारची बस आहे माझी.

बद्रुद्दीन : आज कोन म्हनते?

आकांक्षा : बरं. मग रविवारी आठच्या बसनं निघते.